डबा कुठे खाता? : बोळिंज ते कामण, एका बाईकवरून

माझं आयुष्य बदललं तो क्षण म्हणजे सिल्वियाने मला विचारलं, "तुझ्याकडे बाईक आहे ना?" तो. पुढे 'तू काय करतोस' असंही तिने विचारलं असतं, तर हा ब्लॉग झालाच नसता. इंजिनीअरिंग अर्धवट सोडल्यापासून मी काहीच करत नव्हतो, आणि ते मन लावून करत होतो.

सिल्विया वसईची. गावच्या चर्चच्या हॉलमध्ये ती आणि तिचे सहकारी शाळा-कॉलेज सुटलेल्या मुलामुलींना काम शोधून देतात. मुलाला पाठवायच्या आधी स्वतः जागा बघून यायची, अशी त्यांची पद्धत. तीही ऐन जेवणाच्या सुट्टीत, आपला डबा घेऊन. लोक कुठे बसून जेवतात आणि संडास कसा आहे, एवढं बघितलं की मालकाचं भाषण ऐकावं लागत नाही, असं ती म्हणते.

त्या दिवशी सोनालीसाठी जागा बघायची होती. सोनाली नालासोपाऱ्याची. पहिल्या नोकरीत संडासाला आतून कडी नव्हती म्हणून दिवसभर पाणी न पिता बसायची. दुसरीकडे तिला सगळे 'ए' म्हणायचे. आता घरचे म्हणत होते, हे शेवटचं, नाहीतर धुणीभांडी.

मी बोळिंजहून निघालो तेव्हा दोन हेल्मेट होती. दुसरं नवंकोरं, खास सिल्वियासाठी. वसईत तिला घेतलं, पूल ओलांडून पूर्वेला गेलो. जाणाऱ्यांसाठी सूचना : ऑक्टोबरात दहाच्या आत निघा, रुमाल बांधा, आणि वालीवच्या खड्ड्यांत रोमँटिक बोलायला जाऊ नका, जीभ चावली जाते.

वालीवच्या कारखान्यात मॅनेजरने एसी केबिनमध्ये सरबत दिलं. बाहेर पोरं मशीनला टेकून उभ्याउभ्या पोळी खात होती. संडासाला कुलूप, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. सिल्विया हसून थँक्यू म्हणाली आणि निघाली. माझं डोकं फिरलं. त्या मॅनेजरला तिथेच झापायला हवं होतं, असं मी गाडी सुरू करता करता म्हणालो.

"मग कुलूप उघडलं असतं?" तिने विचारलं.

चिंचोटी नाक्यावर वडापाव खाल्ला. (चटणी जरा जपून. इथल्या धबधब्याला जायचं असेल तर आधी बंदी आहे का ते विचारा.) तिथेच मी ठरवलं, पुढच्या ठिकाणी हिला दाखवतोच मी कोण आहे ते.

दुर्दैवाने दाखवलं.

कामणला भोईर शेठची शेड आहे. इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग तिथे होतं. तिथली जेवणाची सुट्टी वालीवपेक्षा तासाभराने उशिरा. गेटातून शिरलो तर सगळ्या बायका बाहेर, चिंचेखाली जमिनीवर बसून जेवत होत्या. सिल्विया हेल्मेट काढेपर्यंत मी शेठसमोर उभा. माणसं आहेत की जनावरं, बसायला बाक द्यायला काय होतं, स्वतः जेवाल का असं मातीत, बरंच काही बोललो. आवाज छान लागला होता.

"ए दादा, जरा तिकडे सरकून ओरड. आमटीत धूळ पडते," एक वयस्कर बाई म्हणाल्या. त्या कमळताई. मग त्यांनी आतली खोली दाखवली. टेबल, बाक, पंखा, सगळं होतं. "दिवसभर स्टुलावर पाय लोंबतात. जेवताना तरी मांडी घालू दे की."

शेठचा चेहरा लाल. "माझ्या दारात येऊन मला मानुसकी शिकवतो? नको तुमची पोरगी."

सिल्विया मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन पुढे केला. "सोनालीला तूच सांग."

मी सांगितलं. पलीकडून सोनाली म्हणाली, "दादा, पण तिथे कडी होती का? आतून?"

मी बघितलंच नव्हतं. न्यायासाठी एवढा पेटलो होतो, आणि तिला हवी असलेली एकच गोष्ट बघायची राहिली.

परत आत गेलो. शेठची माफी मागितली आणि संडास बघू का विचारलं. कमळताईंनी नेऊन दाखवला. कडी होती, नळाला पाणी होतं. फोनवर सोनालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला यायचंय. त्यांना विचारा ना."

मी विचारलं. कमळताई म्हणाल्या, "येऊ दे शेठ. पोरीचा काय दोष?"

शेठने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगी येऊ दे. आन् हा काय करतो? हात रिकामे हायत म्हनून तोंड चालतं याचं. मला पॅनल उचलाया मानूस पायजे. उद्यापासून येशील?"

"आधी विचार, तुला हाक कशी मारणार," मागून सिल्विया म्हणाली.

"नाव काय तुझा?" शेठने विचारलं.

"ओंकार."

"मंग ओंकारच."

मी हो म्हणालो. पॅनल म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर सिल्विया खूश होती. सोनाली कामाला लागली, वर मीही लागलो. "आता मला दुसरा बाईकवाला शोधायला हवा," ती सहज म्हणाली. वालीवचे खड्डे येताना होते त्यापेक्षा खोल वाटले.

खर्च विचाराल तर पेट्रोल, वडापाव आणि इज्जत. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना परवडतील. काय उरलं म्हणाल, तर आता कुठल्याही दुकानात, हॉटेलात शिरलो की ही माणसं कुठे बसून जेवत असतील, तेच डोळे शोधतात. प्रेमाचं काय, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने काही न विचारता डबा भरला. विचारलं ते शेवटी, अगदी बेतानेच. "जेवायला बसायची सोय आहे ना रे?"

"चिंचेखाली," मी म्हणालो. "मांडी घालून."

दुसरं हेल्मेट खिळ्यालाच राहू दिलं. डबा घेतला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.