दुहाती काठीला साजेसे रीळ

श्री. लक्ष्मणराव भिंगारदिवे यांचा आणि माझा परिचय एका नाकारलेल्या बेरिंगमुळे झाला. नव्वद-एक्याण्णवच्या गळीत हंगामात मी आमच्या साखर कारखान्याच्या भांडार विभागात रुजू झालो. ते तेव्हा कार्यशाळेत मुख्य टर्नर होते. मागणीपत्रावरील आणि खोक्यावरील क्रमांक ताडून मी बेरिंग दिले. त्यांनी ते तळहातावर फिरवले आणि परत माझ्यासमोर ठेवले.

"नंबर बरोबर हाय साहेब. बेरिंग न्हाई."

"खोक्यावर स्पष्ट लिहिले आहे."

"मग मिलला खोकंच बसवू का?"

मोजून पाहिले. आत दुसऱ्याच मापाचे बेरिंग होते. कागद ताडला की वस्तू ताडली, असे मानण्याची माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराची सवय त्या दिवशी प्रथम हलली.

साऱ्या कारखान्याचे ते 'नाना'. त्यांच्या कारागिरीविषयी त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात अनेक जाणकार लिहितील. मी लिहिणार आहे ते मासेमारीच्या एका रिळाविषयी, कारण नाना मला खऱ्या अर्थाने उमगले ते त्या प्रसंगात.

पिसांचे आमिष लांब भिरकावून मासा धरण्याचा छंद मला तरुणपणापासून आहे. या प्रकारात आमिषाला वजन नसते. जाड, वजनदार दोरीच ते वाहून नेते आणि त्यासाठी काठी एका हाताने पुन्हा पुन्हा डोक्यावरून फिरवावी लागते. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून माझा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी ती काठी कायमची बंद केली. नगरच्या छावणीतून निवृत्त झालेल्या एका लष्करी स्नेह्यांनी तेव्हा आपली तेरा फुटी दुहाती काठी मला देऊ केली. ती दोन्ही हातांनी धरावयाची असल्याने खांद्यावर भार कमी येतो. मुठीच्या खालच्या बाजूस बसणारे, दोरी गुंडाळण्याचे तिचे रीळ मात्र हरवले होते.

मी पद्धतशीरपणे चाललो. मुंबईच्या दुकानाची यादी मागवली, वजनांचा तक्ता केला आणि सर्वांत हलके रीळ निवडले. दुखऱ्या खांद्याला हलके ते बरे, हा तर्क मला निर्दोष वाटला होता. प्रवरेच्या काठावर तो पंधरा मिनिटेही टिकला नाही. खांदा असा ठणकू लागला की बटण लावणे जड जावे. नदी आपल्यापुरती संपली, असे मानून मी काठी परत करावयास निघालो. वाटेत देवळाली प्रवरा येथे नानांच्या घरी थांबलो, तो केवळ चहापुरता.

नानांनी काठी जोडावयास लावली. वरचा हात जिथे धरतो तिथे एक बोट ठेवून त्यांनी ती तोलली. शेंडा तत्काळ जमिनीकडे झुकला.

"हे बघा. शेंडा खाली पडतोय, आन् तुमी दिवसभर त्याला वर धरून ऱ्हाता. खांदा दुखंल न्हाई तर काय!"

"पण नाना, रीळ सर्वांत हलके आहे."

"त्येच तर चुकलं. लई हलकं हाय."

त्यांनी रीळ काढले आणि त्या जागी कापडी पिशवी बांधून घरच्या डब्यातले जुने नट तीत एकेक टाकू लागले. पंचवीसेक नट पडले, तेव्हा काठी बोटावर आडवी, निश्चल राहिली. त्यांच्या सौभाग्यवती शांताबाई दारातून म्हणाल्या, "भाजीत मीठ किती, ते बी हे असंच ठरवत्यात. तवर भाजी निवती!"

पिशवीचे वजन आम्ही वाण्याकडे केले. दोरीसह रिळाचे वजन तेवढे हवे, हे ठरले. त्या वजनाच्या आसपासची तीन रिळे दुकानदाराने मापांसह पत्राने कळवली. मी लगेच एकावर खूण केली. नानांनी विचारले, "जाड दोरी, आन् तिच्यामागं बारीक दोरी, मासा पळाला तर सोडायला. सगळी मावंल का ह्यात?" ते यादीत नव्हते.

मापाबरहुकूम लाकडी चाके करून त्यांवर दोरी गुंडाळून पाहावी, असे त्यांनी सुचवले. कार्यशाळेतील लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, पाच मिनिटांचे काम आहे, असे मी सहज बोलून गेलो. नाना हसले नाहीत.

"लेथ कारखान्याचं हाय साहेब. मासा तुमचा."

एका वॉशरसाठीही सही घेणारा मीच ते बोलून गेलो होतो. नानांनी सुट्टीच्या दिवशी गावातल्या सुताराकडे बसून बाभळीची तीन चाके कातली. पहिल्यावर दोरी मावली नाही. दुसऱ्यावर मावली, पण कडेला घासू लागली. तिसऱ्यावर सारी बसली आणि वर बोटभर जागा उरली. माझी खूण पहिल्यावर होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

तिसरे रीळ आले त्या रविवारी नाना माझ्यासोबत नदीवर आले. मी पहिली फेक केली. शेंडा आपणहून उचलला गेला, दोरी सरळ पाण्यावर पसरली. दुसरी, दहावी, तिसावी फेक झाली. खांदा गप्प होता. मासा एकही लागला नाही. तासाभराने नाना काठावरून ओरडले, "बास करा आता, उद्या ड्यूटी हाय! नदी कुटं पळून चालली न्हाई!" ते वाक्य मला कोणत्याही माशाहून मोठे वाटले, कारण ते खरे होते.

आज नाना साठ वर्षांचे होत आहेत. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी माझ्याकडे एकच मागणे मागितले: "आता मला बी शिकवा." गेले दोन महिने मी त्यांना फेक शिकवतो आहे. विद्यार्थी म्हणून ते अवघड आहेत. पाण्याकडे न पाहता काठी कुठे वाकते तेच न्याहाळतात आणि परवा तर मासा आमिष घेऊन गेला तेही त्यांना कळले नाही. "जाऊ द्या," ते म्हणाले, "वाक मात्र झ्याक आला हुता."

अशा या गुरूस, आणि आता माझ्या शिष्यास, निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांची नजर आणि हात असेच स्थिर राहोत. आणि मलाही एवढे आयुष्य मिळो, की नानांचा पहिला मासा काठावर येताना जाळी धरावयास मी तेथे असेन.