अष्खेनने कुणासाठी गाल धरला

आर्मेनियातल्या अर्ताशात शहरात, टोपीवाल्यांच्या आळीत अष्खेनइतकी तिखट जिभेची बाई नव्हती. लोकर कुटून टोप्या करता करता ती रस्त्याने जाणाऱ्या रोमन शिपायांच्या नकला करायची आणि सगळी आळी पोट धरून हसायची. धाकट्या भावाला, गनेलला, रोमनांनी किल्ल्यात डांबलं, तेव्हा मात्र नकला थांबल्या. त्याने रोमन घोडेस्वाराला धोंडा मारला होता.

रोमन ठाणेदार स्वतः तिच्या दारात आला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "तू बसतो. मूर्तिकार बघतो. हरलेला आर्मेनिया, बाई, रडतो. मग भाऊ सुटतो." रोमला पाठवायला हरलेल्या आर्मेनियाची मूर्ती हवी होती, रडणाऱ्या बाईच्या रूपात.

किल्ल्यात ग्रीक मूर्तिकाराने तिच्या डोक्यावर उंच टोपी चढवली.

"अरे मेल्या, ही पुरुषाची! मीच करते या!"

"रोममध्ये लोकांना टोपीनेच आर्मेनिया कळतो. टोपी काढली तर तू नुसती म्हातारी."

"म्हातारी तुझी आई!"

"भांडतो नको," ठाणेदार ओरडला. "जमिनीवर बसतो. हात गालावर."

अष्खेन बसली नाही. जमिनीवर बसून गाल धरायचा तो घरातलं माणूस गेल्यावर, आणि बसण्याआधी गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. नाव न घेता बसलं तर ते मरण जवळच्या रक्ताला लागतं, असं तिच्या लोकांत मानत. तिचं जवळचं रक्त म्हणजे एकटा गनेल. बसावं तर तो मरणार, न बसावं तर किल्ल्यात कुजणार.

तिने घाम पुसला आणि एकदम गोड आवाज काढला.

"ठाणेदारसाहेब, तुमचं पूर्ण नाव काय हो? एवढं मोठं माणूस, तोंडात तरी असावं."

तो फुलला. "लुकियस ओपेटियस नासो!"

"लुकियस ओपेटियस नासो!" त्याच्याच नाकातल्या आवाजात ती किंचाळली, धप्पकन बसली, गाल धरला आणि असा गळा काढला की दारातला पहारेकरीसुद्धा दचकला.

"वा!" मूर्तिकार म्हणाला. "काय खरं रडते ही!"

"मला बघून रडतो," ठाणेदार खूश.

तिसऱ्या दिवशी गनेल सुटला. किल्ल्यातली तिची मातीची मूर्ती बघूनच तो घरी आला होता.

"त्यांच्या पायाशी बसलीस, ताई? लाज नाही वाटली?"

"कुणासाठी बसले ते विचार."

"मला नाही ऐकायचं!" त्याने तोंड फिरवलं.

तिने गरम रोटी त्याच्या मांडीवर आपटली. "नको ऐकूस. जिवंत आहेस ना? मग खा मुकाट्याने."