नानाचं तिसरं बोट

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. त्याची लाज मला कधी वाटली नाही आणि आता वाटायचं वयही राहिलं नाही. धुळ्याच्या एका दवाखान्यात मी अठरा वर्षं हत्यारं उकळायचं काम केलं. चिमटे, कात्र्या, सुया, सुऱ्या. डोळे बांधले तरी कोणतं हत्यार हातात आलं ते सांगायचो. डॉक्टरनं मागायच्या आत चिमटा त्याच्या हातात ठेवायचो. ही बढाई नव्हे, जे होतं ते सांगतो.

दवाखान्याच्या विहिरीचं पाणी जड. उकळलं की पातेल्याला पांढरी खपली धरायची आणि हत्यारं वाळली की त्यांवर पांढरे ठिपके उठायचे. एकदा डॉक्टरसाहेबांनी कात्री उजेडात धरून विचारलं, "हा चुना कोणी लावला?" माझे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून हत्यारं पाण्यातून काढली की ओली असतानाच मी खांद्यावरच्या पंच्यानं पुसू लागलो. पंचा रोज सोड्यानं धुतलेला, पांढराशुभ्र. चिमट्यात मिशी दिसावी अशी चकाकी यायची. साहेब म्हणाले, "आता कसं." तेवढं मला पुष्कळ होतं. हे मी मागच्या खोलीत करायचो. चोरून नव्हे, स्टोव्ह तिथं होता म्हणून.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला नाना म्हणायचो, सोनगीरजवळच्या आमच्या गावाहून हंगामापुरता धुळ्याच्या जिनात कामाला यायचा. कापसातून सरकी काढतात त्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. तिथं यंत्रात त्याचा उजवा हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागच्या जागी तुटलं. आईबाप गेल्यावर मला त्यानंच वाढवलं होतं. डॉक्टरसाहेबांनी जखम साफ करून शिवली आणि मला म्हणाले, "काळजी करू नको. हात राहील." हात राहणं म्हणजे शेत राहणं. नानाच्या घरी पाच खाणारी तोंडं होती आणि औत धरणारा तो एकटाच.

त्याची सेवा मी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. पट्टी सोडताना तो डोळे मिटून घ्यायचा. मी त्याचं कपाळ पुसायचो, हाताखाली ओघळलेलं रक्त पुसायचो. चौथ्या दिवशी जखमेला वास आला. पाचव्या दिवशी पंजा सुजून लाल झाला आणि लाली मनगटाकडे सरकू लागली. साहेब म्हणाले, "मनगटाच्या वर गेली तर हात कोपराखाली कापावा लागेल."

त्याच महिन्यात दवाखान्यात नवी नर्सबाई आली होती. नगरकडची, उंच, कमी बोलणारी. तिच्या हाताखाली तीन मुली नर्सिंग शिकत होत्या. साध्या फोडाची जखमसुद्धा इथं पू का धरते, हे ती आल्यापासून विचारत होती. मी म्हटलं, "बाई, या मुलखाची हवाच तशी आहे." साहेब हात कापायचं बोलले त्याच सकाळी तिन्ही मुलींना घेऊन ती मागच्या खोलीत आली. "भाऊ, तुम्ही रोज करता तसं करा. यांना शिकायचंय."

मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? पाणी खळखळा उकळलं, घड्याळ बघून वेळ भरू दिली, लांब चिमट्यानं एकेक हत्यार काढलं आणि पंच्यानं पुसून तबकात मांडलं. मुली बघतच राहिल्या. बाईही बघत राहिली.

"हे पुसता का?"

"डाग पडतात. पंचा स्वच्छ आहे, आजच धुतला."

"असेल. सकाळपासून त्यानं काय काय पुसलं, तेवढं सांगा."

मी ताठ मानेनं सांगू लागलो. तोंड पुसलं. स्टोव्हची मूठ तापली होती, ती धरली. तीन नंबरच्या खाटेवर साक्रीकडचा म्हातारा होता, पाय सडलेला. त्याच्या खाटेवर पू सांडला होता, झाडूवाला आला नव्हता म्हणून तो मीच पुसला.

"पण तो या कोपऱ्यानं पुसला," मी म्हणालो. "हत्यारं दुसऱ्या कोपऱ्यानं पुसतो."

एक मुलगी फिस्सकन हसली. बाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती गप्प झाली.

"मग?"

"मग नानाचा घाम पुसला. मग..."

मी थांबलो. मग हत्यारं पुसली होती. काल पुसली होती, परवाही. त्याच कात्रीनं नानाची पट्टी कापली जात होती.

तरी मी वाकलो नाही. म्हटलं, आमच्या आईनं आम्हाला पदरानं पुसून वाढवलं, आम्ही मेलो नाही. बाई म्हणाली, "पंचा द्या." माझ्याच पातेल्यात तिनं तो टाकला आणि स्टोव्ह पेटवला. आम्ही पाच जण उभे. पाणी तापलं तसं पिवळट झालं, मग चहासारखं झालं आणि वर तेलकट साय आली. मी रोज सोड्यानं धुतलेला पंचा. भिंतीला हात टेकायला गेलो आणि तो हातच मला कोणा परक्याचा वाटला.

बाई रागावली नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो. ती म्हणाली, "नखं काढा. हातातलं कडं काढा." कडं वीस वर्षांत निघालं नव्हतं. साबण लावून ओढलं तेव्हा खालून काळा पट्टा निघाला. तिच्यासमोर मी कोपरापर्यंत हात धुतले, तिनं पुन्हा धुवायला लावले. साक्रीच्या म्हाताऱ्याची खाट ओट्यावर हलवली, त्याचं भांडं वेगळं केलं. हत्यारं उकळून ओलीच तबकात राहू लागली, डागांसकट. साहेबांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डागांवरून मला बोलले होते ते त्यांनाही आठवलं असावं.

नानाचा हात कापण्याआधी बाईनं साहेबांकडून चार दिवस मागून घेतले. ते चार दिवस मी त्याच्या खाटेपाशी हात मागं बांधून उभा राहायचो. त्याच्या कपाळावर घाम यायचा आणि मी पुसायचो नाही. तो एकदा म्हणाला, "काय रे, रुसना का?"

लाली मनगटाशी थांबली. हात वाचला. पण मधल्या बोटाच्या सांध्यात पू उतरला होता, ते बोट काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर नाना हसून म्हणाला, "दोन जिनले, एक दवाखानाले." सगळे हसले. मी मागच्या खोलीत जाऊन स्टोव्हला हवा भरत बसलो.

पुढं दरवर्षी नव्या मुली शिकायला यायच्या. बाई त्यांना आधी माझ्याकडे पाठवायची. मी उकळलेला चिमटा तबकात ठेवून सांगायचो, ओला राहू द्या, तो आपणहून वाळतो. डाग पडला तर पडू द्या. का, ते कोणी विचारलं तर बोटाची गोष्ट सांगायचो. ते बोट कोणाच्या भावाचं, तेवढं सांगायचो नाही.

नानाला सांगायला मला नऊ वर्षं लागली. तो शेतात कापूस वेचत होता, अंगठा आणि एका बोटानं, माझ्या दहा बोटांपेक्षा भराभर. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. पंचा, म्हातारा, कात्री. त्यानं वेचणं थांबवलं नाही.

"माले काय ठाऊक," तो म्हणाला. "तू पुसे तव्हय माले बरं वाटे."

त्यानं ओटीतला कापूस पोत्यात ओतला, भाकरीचं गाठोडं जवळ ओढलं, विहिरीकडे मान केली आणि म्हणाला, "जाय, हात धुई ये. मी भाकर सोडस."