धाकटीचा दाखला

शाळेच्या दप्तरी माझी जन्मतारीख एक जून आहे. आमच्या मंडणगडकडच्या गावात निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच यायचा, कारण गुरुजींना तीच तारीख सोयीची. माझं तर वर्षही सरकवलेलं. शाळा डोंगरापलीकडे आणि चुलत बहीण माझ्याहून वर्षभराने मोठी. ती पहिलीला निघाली तशी आईने मलाही तिच्याबरोबर नेलं. "दोघी सोबतीनं जातील-येतील. पुढल्या साली हिला एकटीला डोंगरातून धाडू कशी?" गुरुजींना पटलं. एका सकाळीत मी चौदा महिन्यांनी मोठी झाले.

पुढे बाबा मुंबईत नोकरीला आणि आई मला घेऊन रत्नागिरीत, मांडवीला भाड्याच्या खोलीत. तिथे मला जिम्नॅस्टिक्सचं वेड लागलं. अंगाने मी सुकटीसारखी, पण बीमवर पाय घट्ट. चौदा वर्षांखालच्या गटात, राज्य स्पर्धेच्या सहाजणींच्या संघात माझी निवड झाली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

मग जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या सरांनी शाळेचा दाखला पाहिला. त्याप्रमाणे मी चौदा ओलांडलेली. आई लगेच गावी गेली आणि ग्रामपंचायतीतून जन्मदाखला घेऊन आली. त्यावर तारीख खरी होती, आईबाबांची नावं होती, मुलीच्या नावाची जागा मात्र कोरी. आमच्याकडे जन्माची नोंद बारशाआधी होते. नाव घालायला परत कोण जातंय? सरांनी तो शाळेच्या दाखल्याला जोडून पाठवून दिला. खरं ते खरं, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. भोळेच होतो.

स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलाशी मला, आईला आणि सरांना बोलावलं. बाकीच्या पाचजणी भिंतीशी पाय ताणत बसल्या होत्या. चष्मेवाल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, हिला धाकटी बहीण आहे का?"

आईला प्रश्नच कळला नाही. मला कळला. वय चोरायला लोक धाकट्या भावंडाचा दाखला लावतात, हे आमच्या हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकुलती एक.

"हा दाखला हिचाच म्हणत असाल तर चौकशी लागेल," साहेब म्हणाले. "ती संपेपर्यंत तुमचा संघ खेळणार नाही. चुकून धाकटीचा जोडला गेला असेल, तर तसं लिहून द्या. ही एकटी बाहेर बसेल, बाकीच्या राखीव मुलीला घेऊन खेळतील."

माणूस वाईट नव्हता. सुटकेची वाट दाखवत होता, आणि तीच वाट माझ्यावर बंद होत होती. मला त्याचा संताप आला, आईचा आला, त्या डोंगराचासुद्धा आला. सर हळूच म्हणाले, "वहिनी, पाच पोरींचा प्रश्न आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' म्हणून मान हलवली असती तर ती भांडली असती, याची मला आजही खात्री आहे. मी भिंतीशी बसलेल्या मुलींकडे बघत राहिले.

"धाकटीचा हाय," आई म्हणाली आणि सरांनी लिहिलेल्या ओळीखाली सही केली. नंतर ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

साहेबांना हायसं वाटलं. कागद आवरता आवरता ते माझ्याशी गोड बोलायला लागले.

"काय करते गं तुझी बहीण?"

"शाळेत जाते."

"तीपण करते का जिम्नॅस्टिक्स?"

"करायची," मी म्हटलं. "आता नाही करणार."