हर्क्युलेनियममधली जाळ्याची सुई

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या सगुणाबाई बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी गेल्या, त्या लेकीच्या आग्रहाखातर. दक्षता जहाजांचे आराखडे काढायचं शिकली होती आणि दोन वर्षांपासून इटलीत, नेपल्सला नोकरी करत होती. तिने आईला दीड महिन्यासाठी बोलावून घेतलं. मागे नवऱ्याच्या, धाकूच्या, जेवणाचं शेजारच्या शेवंतीने अंगावर घेतलं, आणि सगुणाबाई निघाल्या. सामानात मसाला, सुका जवळा, नायलॉनच्या दोऱ्याची दोन बंडलं आणि जाळं विणायची सुई.

ही सुई त्यांच्या हातात आठव्या वर्षापासून होती. आईने शिकवलं होतं. लग्नानंतर धाकूची सगळी जाळी त्यांनीच विणली आणि तुणली. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी दारात बसून जाळं. पुढे खाडीत मासा कमी झाला, धाकूची होडी महिन्यातून चारदाच पाण्यात जायला लागली, जाळी फाटेनाशी झाली. मग त्याच सुईने त्यांनी भाजीच्या पिशव्या विणायला घेतल्या. हात रिकामा ठेवून बसणं त्यांना जमायचंच नाही.

नेपल्सला पहिले चार दिवस त्यांनी खिडकीतून व्हेसुव्हियस पाहिला. दिसायला साधा, निळसर डोंगर. याच डोंगराने दोन हजार वर्षांपूर्वी आग ओकून दोन शहरं गाडली, हे दक्षताने सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मग आता त्याच्या पायथ्याशी इतकी माणसं कशी काय राहतात. दक्षता म्हणाली, घर असतं ना त्यांचं. ते त्यांना पटलं.

रविवारी दोघी पॉम्पेईला गेल्या. शहर एवढं मोठं असेल असं सगुणाबाईंना वाटलं नव्हतं. दगडी रस्ते, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, पावसात पाय भिजू नयेत म्हणून मध्ये ठेवलेले उंच दगड. देवळं, नाटकाची जागा, श्रीमंतांचे वाडे यांत त्यांचं मन फारसं रमलं नाही. घरांच्या मागच्या बाजूला जाऊन त्या चूल कुठे, पाणी कुठून यायचं, हे बघत होत्या. पाय दुखायला लागले तेव्हा त्यांनी मासळीबाजार कुठे होता ते विचारलं. दक्षताने नकाशात शोधलं. बाजाराच्या मधोमध गोल जागा होती, आणि तिथल्या गटारात खोदणाऱ्यांना माशांची खवलं सापडली होती.

सगुणाबाई तिथे कठड्यावर टेकल्या त्या अर्धा तास उठल्या नाहीत. मासे साफ करणाऱ्या बायका कुठल्या बाजूला बसत असतील, सकाळचं ऊन कुणाच्या डोळ्यांवर येत असेल, याचा त्यांनी मनाशी हिशेब लावला. मग म्हणाल्या, की पाण्याला उतार बरोबर दिलाय, बांधणाऱ्याला अक्कल होती.

पुढच्या रविवारी हर्क्युलेनियम. हे गाव लहान, आणि अगदी समुद्रालगतचं. आता समुद्र मागे हटलाय, पण तेव्हाचा किनारा खोदून मोकळा केला आहे. त्या किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या दगडी कमानी आहेत, आणि कमानींच्या आत माणसांचे सांगाडे. तीनशेच्या आसपास. डोंगर फुटला तेव्हा ही माणसं पळून इथे आली होती, दक्षताने सांगितलं. काही बायकांनी दागिने बरोबर घेतले होते.

सगुणाबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. ही माणसं किनाऱ्याकडेच का पळाली, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन हजार पाच सालच्या सव्वीस जुलैच्या पुरात कोळीवाड्यातल्या होड्या रस्त्यावर आल्या होत्या. धाकूने स्वतः तळमजल्यावरच्या कितीतरी लोकांना होडीत घेतलं होतं. पाण्याकाठच्या माणसाला वाटतं, होडी नेईल.

"आई, निघू या का?" दक्षताने विचारलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मग स्वतःच पुढे चालू लागल्या.

त्याच आवारात एका दालनात त्या किनाऱ्यावर सापडलेली होडी ठेवली आहे. जळून कोळशासारखी काळी झालेली, पण फळ्या ओळखू येतात. बाजूच्या काचेच्या कपाटांत गळ, शिशाची वजनं, दोर. आणि काशाची, वीतभर लांब, दोन्ही टोकांना फाटा असलेली एक सुई.

सगुणाबाईंनी काचेला नाक लावलं. त्यांच्या सुईला एकाच टोकाला फाटा होता, दुसऱ्या टोकाच्या खाचेत दोरा अडकवायला जीभ. पण काम तेच. त्याबद्दल शंकाच नव्हती.

तेवढ्यात तिथे लहान मुलांचा घोळका आला. त्यांना माहिती सांगणारी बाई पन्नाशीची होती, असुंता नावाची. तिने सुई दाखवली. एका मुलीने काहीतरी विचारलं, आणि असुंताने हवेत हात फिरवून दाखवला. दक्षता हसली. आईने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, ती मुलगी विचारतेय याने गाठ कशी मारायची, आणि बाईंना नीट सांगता येत नाहीये.

सगुणाबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून अर्धवट विणलेली पिशवी आणि सुई बाहेर काढली.

"आई, नको ना. बघतायत सगळे."

"बगू दे. जालं नुस्तं सांगून समजतं का? तिला सांग, मना येतं."

दक्षताने चाचरत सांगितलं. असुंता बाजूला सरकली. सगुणाबाईंनी पिशवीचं एक टोक सरळ त्या मुलीच्या हातात ताणून धरायला दिलं आणि विणायला सुरुवात केली. सुई वरून, आसातून म्हणजे जाळ्याच्या डोळ्यातून खाली, अंगठ्याने दाबून, वळसा घालून ओढली की गाठ. त्यांनी दहा गाठी भरभर मारल्या आणि अकरावी अगदी सावकाश. मग सुई मुलीच्या हातात दिली. तिची पहिली गाठ सुटली, दुसरी बसली. मग प्रत्येकालाच ती सुई हवी झाली.

मुलं गेल्यावर असुंता थांबली. तिचे वडील याच किनाऱ्यावर मासे धरायचे, जाळी घरीच विणायचे, असं तिने सांगितलं. तिने कधी शिकून घेतलं नाही. पुढे वडील गेले. दक्षता हे आईला मराठीत सांगत होती, आणि सांगता सांगता जरा थांबली. तिलाही जाळं विणता येत नव्हतं. लहानपणी आई बोलवायची तेव्हा अभ्यास आहे म्हणून ती उठून जायची.

असुंताने त्यांना बुधवारी परत येऊन शिकवायची विनंती केली. पुढचे चार बुधवार ती स्वतः गाडी घेऊन सगुणाबाईंना न्यायला आली. एका सुताराकडून तिने त्या काशाच्या सुईसारखी लाकडी सुई करून घेतली होती. सगुणाबाईंना ती आधी आवडली नाही. दोरा भरताना सारखी उलटसुलट करावी लागे. पण दुसऱ्या बुधवारी हात बसला, आणि तिसऱ्या बुधवारी त्यांनी त्या सुईने हातभर जाळं विणून असुंताच्या पुढ्यात टाकलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सगुणाबाई आगरी-कोळीत बोलत, असुंता तिच्या नेपल्सच्या बोलीत, आणि गाठ चुकली की सगुणाबाई तिच्या बोटांवर टिचकी मारत.

शेवटच्या बुधवारी दक्षता रजा काढून आली. खुर्ची ओढून असुंताच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला पण शिकव."

सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोऱ्याचं टोक खुर्चीच्या दांडीला बांधून त्यांनी तिला पहिला आस घालून दिला.

ठाण्याला परत आल्यावर वाड्यातल्या बायकांनी हाताचं जाळं आता कोण वापरतं म्हणून थट्टा केली. तरी दर शनिवारी दुपारी देवळामागच्या पडवीत सगुणाबाई बसायला लागल्या. आधी शेवंतीची सून देवयानी आली. मग तिने मानपाड्याच्या मैत्रिणीला आणलं, मग दिवा गावाहून दोघी आल्या. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, विणायला शिकतात, पिशव्याही करतात. धाकू शिशाच्या गोळ्या ओवून देतो आणि मध्येच कुणाची तरी गाठ सैल असल्याचं सांगतो. दक्षता नेपल्सहून व्हिडिओ कॉल लावते, आपलं विणलेलं कॅमेऱ्यासमोर धरते. सगुणाबाई चष्मा वर सरकवून नीट बघतात, आणि कुठली ओळ उसवायची ते सांगतात.