हिरवळीचा अपवाद

घरात तिला सगळे 'पोटकलम' म्हणत. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्याला बजावलं होतं, "ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही. ताप असेल तर चालेल." दुसऱ्या दिवसापासून त्याला कणकण वाटू लागली. होता दातांचा डॉक्टर, पण स्वतःचा ताप त्याला अचूक कळे. विशेषतः आंघोळीनंतर.

पर्यावरणाच्या कायद्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून खारं सरोवर वाचवायला तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तेव्हा नियमांचा मसुदा तिच्याच गळ्यात पडला. समितीने सरोवर जवळून वाचवायचं ठरवलं. इतक्या जवळून, की काठावरच कार्यालय बांधलं आणि पुढे हिरवळ लावली. खाऱ्या मातीत गवत काही सुखासुखी जगत नाही, म्हणून नळ दिवसभर सोडलेला असे. ते गोडं पाणी उतारावरून थेट सरोवरात जाई, आणि त्याच हिरवळीवर खुर्च्या टाकून तज्ज्ञमंडळी चिंता करत, की सरोवराचा खारेपणा कमी का होतोय आणि त्या खाऱ्या पाण्यातल्या किड्यांवर जगणारे पक्षी गेले कुठे.

दोष पलीकडच्या काठावरच्या हॉटेलचा, यावर एकमत होतं. तसा तो होताही. तिथलं सगळं सांडपाणी सरोवरातच जाई. पोटकलमने कडक नियम लिहिला: काठाच्या पट्ट्यात इमारत नको आणि गोड्या पाण्याचा थेंबही सरोवरात जाता कामा नये. अध्यक्षांनी तिला शाबासकी दिली. मग नकाशा पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, तुमची रेघ आपल्या कार्यालयावरून जातेय."

"कार्यालय रेघेत आलंय, सर. रेघ बिचारी काय करणार?"

"मग आपण बसायचं कुठे? घाला एखादा अपवाद. तुम्हाला काय अवघड आहे!"

तिला अवघड नव्हतंच. 'सरोवराच्या अभ्यासासाठी वापरात असलेल्या इमारती वगळून,' असं तिने झरझर लिहून टाकलं.

नियम लागू झाले आणि हॉटेलची पाटी बदलली. 'सरोवर अभ्यास केंद्र. राहण्याजेवणाची उत्तम सोय.' चाव्या द्यायच्या टेबलावर एक सूक्ष्मदर्शक आला. पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढू लागले. हॉटेलमालक फुलांचा गुच्छ घेऊन पोटकलमकडे आला.

"वकीलबाई, उपकार झाले तुमचे! आता अजून दोन मजले अभ्यास चढवतोय."

घरी येऊन तिने गुच्छ टेबलावर आपटला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरधरून हसला.

"माझ्या टॉवेलवरून काहीच शिकली नाहीस ना तू?"

"तुला ताप असायचा."

"एकदाही नव्हता गं!"

पुढच्या बैठकीत तिने अपवाद काढून टाकायचा ठराव मांडला. अध्यक्ष चपापले.

"हॉटेलपुरता काढा की."

"तो कोर्टात जाईल, सर, आणि आपली हिरवळ दाखवेल. हिरवळ राहिली की हॉटेल राहिलं. हॉटेल राहिलं की सरोवराचं डबकं झालंच म्हणून समजा. मग तुम्ही डबक्याचे अध्यक्ष."

सरोवराच्या काळजीने जे झालं नव्हतं, ते या पदवीने झालं. अध्यक्षांनी मुकाट्याने सही केली. कार्यालय पाडलं, नळ तोडला आणि समिती चपलांच्या दुकानावरच्या खोलीत आली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे.

"इथून सरोवर दिसत नाही हो," अध्यक्ष उसासले.

"त्यालाही आपण दिसत नाही, सर. बरं वाटत असेल त्याला."

हॉटेलमालक कोर्टात गेलाच. पण बोट दाखवायला हिरवळ उरली नव्हती, आणि सूक्ष्मदर्शकातून नेमकं काय पाहता, या प्रश्नावर त्याच्या वकिलाला ठसका लागला. हॉटेल उठलं.

नंतर एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन काठावर गेली. हिरवळीच्या जागी गवत वाळून गेलं होतं आणि मातीवर पांढरा थर आला होता. नवऱ्याने बोट टेकवून जिभेला लावलं.

"खारट आहे."

"असणारच. चल आता."

"घरी गेल्यावर आंघोळ करीन म्हणतो. अंग जरा कसकसतंय."

"टॉवेल दोरीवर टाकायचा," पोटकलम म्हणाली. "ताप असला तरी."