ऐंशी जीबीची पद्धत

इथं मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची नावंच टाइप करत आले. कुणाचं वर आलं, कुणाचं खाली गेलं, कुणाचं राहूनच गेलं, यावरून माझ्या काउंटरवर इतकी भांडणं झालीत की आता नावांशिवाय लिहायला बरं वाटतं.

आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. गंगावेशीजवळ, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं एवढं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर नमुन्याच्या पत्रिका. मजकूर आम्ही बसवायचा, छपाई मागच्या गल्लीतल्या प्रेसमध्ये. नवरा होता तोवर तो गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि मी टाइप करायची. सात वर्षांपूर्वी तो गेला, हार्ट अटॅकनं. तेराव्याला थोरले दीर म्हणाले, "दुकान दे कुणाला तरी चालवायला. बाईमाणसानं एकटीनं कशाला बसायचं?" चौदाव्या दिवशी मी शटर वर केलं.

पत्रिका कशी तयार होते हे लोकांना ठाऊक नसतं. नवीन मजकूर कुणीच लिहीत नाही. गिऱ्हाईक घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतं आणि म्हणतं, "ह्याच्यागतच करा, फकस्त नावं बदला." मग मी जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, नव्या नावानं सेव्ह करायची. कागलपासून चंदगडपर्यंतच्या किती घरांच्या पत्रिका अशा एकीतून एक निघाल्या असतील, सांगता येणार नाही. मुसलमान घरांच्या मराठी पत्रिकाही तशाच. यातलं काहीच पुसायचं नाही, हा नवऱ्याचा नियम. कारण लोक नुसती पत्रिका करायला येत नाहीत, पुरावा बघायलाही येतात. एकदा कागलचा एक गृहस्थ एसटीनं खास एवढ्यासाठी आला, की थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत चुलत्याचं नाव वडलांच्या आधी होतं की नंतर, ते बघायचं. मी फाईल काढून दाखवली. नंतर होतं. तो चहाही न घेता पळाला.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं. चार दिवसांत थोरले दीर मजकूर लिहूनच घेऊन आले. वहीच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. निमंत्रण देणारे म्हणून ते आणि जाऊबाई. खाली, 'कैलासवासी अमुक यांची कन्या'. आणि मी शेवटच्या घोळक्यात, चुलत नणंदांच्या मागं, नावाआधी 'गं. भा.' लावून. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, गंगा भागीरथी म्हणजे विधवा. नदीचं नाव देऊन बाईला कोपऱ्यात बसवायची ही आपली सभ्य रीत.

मी म्हटलं, "दादा, लेक माझी हाय. बोलावणं मी देणार."

"आपल्यात तशी पद्धत न्हाय."

"कुणी ठरवली?"

"मला काय विचारतीस? तुझ्याच कॉम्प्युटरात बघ की! एक तरी पत्रिका दाखव, नवरा नसलेल्या बाईनं बोलावणं दिल्याली. दावलीस तर मी गप बसतो."

"दावते की," मी म्हणाले. मला खात्री होती. इतक्या फायलींत एक निघणार नाही, असं कसं होईल?

त्याच संध्याकाळी मी शोधायला बसले आणि कॉम्प्युटरनं दगा दिला. डिस्क भरल्याचा निरोप तो वर्षभर देतच होता, मी तो मिटवत होते. आता आतून टक टक असा आवाज यायला लागला आणि पडदा जागच्या जागी थिजला. बंद करून परत चालू केला, चालला, पुन्हा थिजला. आतली हार्ड डिस्क ऐंशी जीबीची, नवऱ्यानं हौसेनं घेतलेली. ती मरायला टेकली होती आणि माझा पुरावा तिच्या पोटात होता.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडं पेटी घेऊन गेले. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "वैनी, यात काय राम ऱ्हायला न्हाय. नवीन घ्या की."

नवीन घेऊन काय करू? आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं. त्याला एक बोटभर लॉक लागतं. ते मागं प्रिंटरच्या रुंद खाचेत बसवल्याशिवाय एक अक्षर उमटत नाही आणि ती खाच नव्या कॉम्प्युटरला नसतेच. जुनी फाईल नव्यावर उघडली तर नवरदेवाच्या जागी चौकोन आणि उद्गारचिन्हं दिसतात. मला नवीन कॉम्प्युटर नको होता. आहे तोच हवा होता, आत मोठी डिस्क बसवून, जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून.

"ठेवून जावा," तो म्हणाला. "पर फायलींची ग्यारंटी न्हाय."

"मग पाचशे जीबीची डिस्क तेवढी द्या. बसवते मी."

"तुम्ही?"

"व्हय, मी. का? तिला काय मिशा लागतात?"

तो हसला, पण डिस्क दिली. वर कॉपी करून देणारी एक सीडीही दिली. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. शटर अर्धं ओढून मी पेटी काउंटरवर आडवी पाडली. शिवणयंत्राच्या डब्यातला स्क्रू-ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट. पत्रा निघाल्यावर आत धुळीची गोधडी दिसली. ती ब्रशनं झाडली. मोबाइलवर एका माणसाचा हिंदी व्हिडिओ लावला होता. तो 'बिलकुल आसान है' म्हणत होता आणि मी दर स्क्रूला त्याला थांबवत होते. जुन्या डिस्कला रुंद चपटी पट्टी, नव्या डिस्कची वायर बोटाएवढीच अरुंद. आली का पंचाईत! पण नीट बघितलं, तर बोर्डाच्या कोपऱ्यात धुळीखाली एक अरुंद खाच होती, कधीच न वापरलेली. वायर तिच्यात खट्‌कन बसली आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

कॉपी सुरू झाली. दहा टक्के, वीस टक्के. दुपारी एकसष्टवर येऊन अडकली ती हलेना. जुनी डिस्क तव्यासारखी तापलेली. मी टेबलफॅन आणून तिच्यावर सोडला आणि समोर बसून राहिले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? एकसष्टच्या पुढं माझा सगळा संसार होता. तेवढ्यात शटरखालून वाकून थोरले दीर डोकावले.

"झालं! मोडलास न्हवं?"

"उघडलाय, दादा. मोडला न्हाय."

ते मान हलवत निघून गेले. अर्ध्या तासानं आकडा बासष्ट झाला. दिवेलागणीला शंभर.

जुनी डिस्क काढून ठेवली, नवी जागेवर कसली, बटण दाबलं. सुरू झाला! टक टक नाही, काही नाही. फायली जिथल्या तिथं. पण जागा बघायला गेले तर तेवढीच, ऐंशी. पाचशेचं नाव नाही. मंगळवारी सकाळी मी राजारामपुरीत जाऊन त्या बिचाऱ्याला चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं. "पाचशे म्हणून ऐंशी गळ्यात मारली व्हय?"

त्यानं शांतपणे चष्मा डोळ्यावर घेतला. "वैनी, तुम्ही जुनीतलं सगळं उतरवलं, तसं तिचं मापबी उतरलं. बाकीची जागा आतच हाय. तिला अजून कुणी अक्षर दिलं न्हाय, म्हणून दिसंना. सी आन् डी हायत, तसं तिला ई द्या."

मी वरमले. त्यानं चहा मागवला, तो प्याले आणि दुकानात येऊन तिला ई हे अक्षर दिलं. पाच मिनिटांचं काम. कोरी जागा उघडली, भली मोठी, आत एकही फाईल नाही. तिथं मी काहीच ठेवलं नाही. मला आधी पुरावा हवा होता.

तीन दिवस मी जुन्या पत्रिका उघडत होते. कागल, कुरुंदवाड, शहरातल्या पेठा, चंदगडकडची डोंगरातली गावं. काका निमंत्रण देतोय, मामा देतोय, चुलतभाऊ देतोय, एका पत्रिकेत तर नुकता मिसरूड फुटलेला धाकटा भाऊ देतोय. आई मात्र खाली, घोळक्यात. एकही निघाली नाही. दीर बरोबर होते आणि त्याचा मला इतका संताप आला की उठून पाणी प्यावं लागलं.

आणि मग ती फाईल उघडली. चंदगडकडची एक बाई, आठ-नऊ वर्षं झाली असतील. एसटीनं आलेली, पिशवीत आमच्यासाठी भाजलेले काजू. मुलाचं लग्न. मजकूर सांगून झाल्यावर काउंटरची कड धरून हळूच म्हणाली होती, "माझं नाव वर बसंल का ओ? त्याला वाढवला मीच."

तेव्हा नवरा समोर उभा होता, पण उत्तर त्यानं दिलं नव्हतं. मी दिलं होतं, पडद्यावरून मान वर न करता. "तसं करत नाहीत, मावशी." ती बरं म्हणाली. मी जुनी फाईल उघडली, नावं बदलली, सेव्ह केली. काजू ठेवून घेतले.

पद्धत दिरांनी केली नव्हती. ती ऐंशी जीबीची पद्धत मी माझ्या या दहा बोटांनी केली होती आणि सोमवारी पंखा लावून, जीव मुठीत धरून, मीच ती एक अक्षरही न गाळता नव्या डिस्कवर उतरवली होती. मला माझीच लाज वाटली.

मग ई उघडली. फाईल, नवीन, कोरं पान. एवढ्या वर्षांत मी कोऱ्या पानापासून पत्रिका कधी केलीच नव्हती. दोन शब्द लिहायचे आणि पुसायचे, असं दुपारभर चाललं. पहिल्या ओळीत माझं नाव बसवलं. नावाआधी काही नाही, गंगा नाही, भागीरथी नाही. 'माझ्या मुलीच्या लग्नाला मी आपणांस बोलावत आहे.' लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मम्मी, यातलं आता काय हलवू नकोस." दुसऱ्या ओळीत दीर आणि जाऊबाई, श्री. व सौ., मानानं.

ते विचारायला आलेच. "घावली का?"

"न्हाय घावली. एकबी न्हाय."

ते हसले.

"म्हणून केली," मी म्हणाले आणि छापून आलेली पत्रिका त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उभ्यानं वाचली. "लोकं काय म्हणतील? मी न्हाय येणार."

"तुमचं नाव दुसऱ्या वळीत हाय, दादा. खुर्ची ठेवते. बसायचं का न्हाय ते तुम्ही बघा."

ते आले. जेवले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. माझं काही अडलेलं नाही.

चंदगडची बाई पुन्हा कधी आली नाही. तिच्या फाईलमधला फोन नंबर लावून बघितला, लागत नाही. ते माझ्याकडून फिटायचं नाही.

या फेब्रुवारीत कुरुंदवाडहून एक बाई आली. कपाळ मोकळं, हातात घडी पडलेली एक पत्रिका. माझ्या लेकीची. कुठल्या पाहुण्याकडून मिळाली कोण जाणे. ती काउंटरवर पसरून म्हणाली, "ह्याच्यागतच करा. फकस्त नावं बदला." मग हळूच म्हणाली, "आमच्यात अशी पद्धत न्हाय म्हणत्यात. चालतं न्हवं?"

"आमच्याकडं हाय," मी म्हणाले.

ई उघडली. मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं, तिचं नाव विचारलं आणि पहिल्या ओळीत टाइप केलं.